पन्नास किलोच्या आत

२५ ऑगस्ट, सोमवार

झाले! कचऱ्याची राणी झाले! मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा वाटलं, माझ्या सफाईवाल्या बायकांची कुणीतरी तक्रार केली. आणि ते म्हणतात काय, "उद्यापासून आख्ख्या दवाखान्याचा कचरा तुमच्या ताब्यात."

अट मात्र जबर आहे. पिवळ्या पिशवीतलं सगळं मागच्या आवारातल्या भट्टीत जळतं. खरं तर तिच्यात रक्ताचा कापूस, पट्ट्या, ऑपरेशनमध्ये कापून काढलेलं, एवढंच जायला हवं. जातं मात्र वाट्टेल ते! सलाइनच्या बाटल्या, नळ्या, हातमोजे, बिस्किटांचे पुडे. रोज एकशे अठरा किलो! सप्टेंबरभर रोजची सरासरी पन्नास किलोच्या आत आणून दाखवली, तर भट्टी कायमची बंद. उरलेलं बंद गाडीतून गावाबाहेरच्या मोठ्या प्रकल्पात जाईल, तिथं धूर गाळून सोडतात. प्लास्टिक लाल पिशवीतून नव्या वाफेच्या यंत्रात, आणि तिथून पुनर्वापराला. नाही जमलं तर कमिटी इथंच दुप्पट मोठी भट्टी बांधणार. उंच धुराड्याची. म्हणजे धूर तोच, फक्त लांबच्यांच्या नाकात!

सगळं छान. एकच घोळ आहे — भट्टी चालवतात माझे वडील. बावीस वर्षं. घरी कसं सांगू?

२६ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "म्हणजे माझी भट्टी विझवायला माझीच लेक?" आणि उठून गेले.

नवरा म्हणाला, "चांगलं गेलं की! मला वाटलं, बशी फेकतील."

२८ ऑगस्ट, गुरुवार

हा खटाटोप कशासाठी, ते इथं लिहिते. घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

आमची खोली दवाखान्याच्या आवारातच, भट्टीच्या भिंतीला लागून. माझी लेक भिंगरी सहा वर्षांची. नाव वेगळं आहे, पण ते कुणाला आठवत नाही. पायात चाकं असल्यासारखी पळते म्हणून भिंगरी. गेल्या वर्षापासून वारा आमच्याकडे वळला की तिची छाती शिट्टी वाजवायला लागते. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठं ठेवू? कपाटात?

बाबांना पटत नाही. "बावीस वर्षं मी धुराच्या तोंडाशी उभा आहे. मला काय धाड भरली? पोरं खोकतात, शिंकतात, मोठी होतात." प्रशिक्षणात सांगितलं होतं, नळ्या-बाटल्या जळल्या की धुरातून जे विष निघतं ते मातीत बसतं, दुधात उतरतं, अंगातून लवकर जात नाही. तेही सांगून पाहिलं. म्हणाले, "सांगणारा कधी भट्टीसमोर उभा राहिलाय का?"

आणि गंमत अशी की धुरातलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही! अंगणात उभे राहून मान वर करतात — "काळा निघाला. नळ्या आहेत आज." बरोबर असतं. दर वेळी बरोबर.

१ सप्टेंबर, सोमवार

पहिला दिवस. १०९. बाबा वजनकाट्यापाशी उभे राहून मिशीत हसत होते. हसा!

२ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं! सापडलं!! सकाळपासून पुरुषांच्या वॉर्डात स्टूल टाकून नुसती बसले होते. कोण काय कुठं टाकतं ते बघत. नर्सबाई नळी घेऊन लाल डब्याकडे गेली, पायानं पट्टी दाबली, झाकण ढिम्म. पुन्हा दाबली. मग सरळ वळली आणि पिवळ्यात टाकून मोकळी! मी उठून दाबून बघितलं. मोडलेली. शेजारच्या वॉर्डात — मोडलेली. सगळ्या दवाखान्यात लाल डबे बत्तीस, त्यातले चालू फक्त पाच!

आणि आम्ही भिंतीवर चार-चार तक्ते लावून लोकांना कचऱ्याचं महत्त्व शिकवतोय! मला इतकं हसू आलं की एका पेशंटनं विचारलं, "ताई, तुम्हाला कुठल्या वॉर्डात दाखल केलंय?"

वजन ९७.

४ सप्टेंबर, गुरुवार

मेकॅनिकमामांच्या हातापाया पडून सत्तावीस पट्ट्या बसवून घेतल्या. मामा म्हणाले, "दहा वर्षांत पंखे दुरुस्त केले, लिफ्ट केली, मोठ्या डॉक्टरांची खुर्ची केली. कचऱ्याचा डबा दुरुस्त कर म्हणणारी तू पहिलीच." ८०! नवरा गणिताचा मास्तर, त्यानं भिंतीवर आलेखाचा कागद लावलाय. भिंगरी रोज त्यावर ठिपका देते. आजचा ठिपका देताना जीभ बाहेर.

६ सप्टेंबर, शनिवार

६६!! मला पंख फुटलेत.

८ सप्टेंबर, सोमवार

काल रविवारी ७४. चढलं! असं कसं चढेल? डोक्यात किडा वळवळला — काटा बाबांच्या ताब्यात असतो. पाय तर नाही ना ठेवत काट्यावर?

आज काय केलं ते लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला धान्याचा काटा उचलून आणला आणि सगळ्यांच्या देखत पिशव्या पुन्हा तोलल्या. ग्रॅमाचा फरक नाही. बाबा हाताची घडी घालून बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, झालं का समाधान?"

मॅडम! स्वतःच्या मुलीला!

रविवारचं कारण नंतर कळलं. भेटायला येणाऱ्यांची गर्दी. फुलं, फळांच्या साली, मिठाईचे खोके — दारापाशी जो डबा दिसेल त्यात. पिवळा दारापाशी असतो. उद्या सगळे पिवळे डबे आत, पलंगांच्या पलीकडे. दारात साधा हिरवा.

१० सप्टेंबर, बुधवार

घरात तिसरा दिवस मॅडम चालू आहे. "मॅडमना सांग, मीठ कमी आहे." "मॅडमना विचार, माझा टॉवेल कुठं ठेवला." भिंगरीला हा खेळ इतका आवडला की तीही मला मॅडम म्हणायला लागली. शेवटी मी ताटावरून उठून कान पकडले आणि दोन उठाबशा काढल्या. बाबांना हसू आवरेना, पण आवरलं. "तिसरी राहिली," म्हणाले.

काढली तिसरी.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाळंतपणाच्या वॉर्डानं दमवलं होतं. बाकी सगळे खाली, हा वॉर्ड जागचा हलेना. रोज पंधरा किलो! आज थोरल्या मावशींना धारेवर धरायचं ठरवून गेले. तीस वर्षं आयाचं काम करतायत. अर्धा गाव त्यांच्या हातांतून जगात आलाय.

मावशी बाळंतिणीची वार गुंडाळत होत्या. गुंडाळत होत्या म्हणजे — आधी एक पिशवी, मग कोरे करकरीत हातमोजे चार, मग पलंगावरच्या मेणकापडाचा तुकडा, मग दुसरी पिशवी, मग तिसरी. गाठोडं झालं चांगलं. मी म्हटलं, "मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? नऊ महिने बाळाला राखलं हिनं. हिला उघडी पाठवू?"

भांडायला गेलेली मी. भिंगरीच्या वेळीही मावशीच होत्या. म्हणजे माझीही अशीच गेली असेल, चार हातमोज्यांत, नीट.

मग दोघी बसलो खाली. म्हटलं, प्लास्टिक नको मावशी, ते जळलं की विषारी धूर होतो, आणि तो याच बाळांच्या नाकात जातो. मावशींनी गाठोडं मांडीवर घेतलं. "मग कशात देऊ?" धुलाईघरात जुन्या मऊ झालेल्या सुती चादरी पडून असतात. हातभर तुकडा फाडून आणला. मावशींनी बोटांत धरून बघितला. "हे चांगलं आहे. हे बाळाच्या अंगालाही लावतात."

एक चादरीचा तुकडा, एक पिशवी. बस.

१५ सप्टेंबर, सोमवार

४४! पन्नासच्या खाली पहिल्यांदा! व्हरांड्यात मावशींना धरून गिरकी घेतली. मावशी ओरडल्या, "अगं सोड, माझा गुडघा!"

१७ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस सोन्याचा.

ऑपरेशनवाले डॉक्टर. त्यांना सगळे घाई डॉक्टर म्हणतात, कारण ते जिना चढत नाहीत, जिन्यावर हल्ला करतात. त्यांच्याकडे सगळं पिवळ्यात. "मला वेळ नाही हो निवडत बसायला!" तीनदा गेले, तीनदा हेच.

सकाळी बाबा भट्टीतली राख काढत होते. मला हाक मारली. (मॅडम म्हणून नाही!) हातात वाकडीतिकडी तार. "चष्म्याची आहे. परवापासून तुझा तो घाई डॉक्टर चष्मा शोधतोय ना?"

मी ती तार पुसली, भेटवस्तूच्या कागदात गुंडाळली, वर फीत बांधली आणि चहाच्या टेबलावर सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली. "सर, तुमचा चष्मा. पिवळ्या पिशवीतून गेला होता." क्षणभर मला वाटलं, गेली माझी नोकरी. मग ते असे हसले, असे हसले की भूल देणारे डॉक्टर घाबरून उठून आले. संध्याकाळी ऐकलं, ऑपरेशनच्या खोलीत ते स्वतः ओरडतायत — "नळी लालमध्ये! लालमध्ये, अरे! माझा दुसरा चष्मा आहे हा!"

१८ सप्टेंबर, गुरुवार

वजन ४०. पण ते जाऊ दे.

दुपारी शाळेतून आली तेव्हा भिंगरी पळत नव्हती. वारा आमच्याकडे, अंगणातल्या कपड्यांवर काजळी. उचलून तशीच दवाखान्यात नेली. नेब्युलायझर लावलं. एवढासा चेहरा, त्यावर तो मुखवटा, आणि बरगड्या आत ओढल्या जातायत. दोन तास. मी तिचा पाय धरून बसले होते, दुसरं धरायला काही मोकळं नव्हतं.

बाबा आले. हाताला राख तशीच. आत नाही आले, दारात उभे. भिंगरीनं त्यांना बघून बोटं हलवली. बाबांनीही हलवली. कधी गेले कळलं नाही.

आता बरी आहे. झोपलीये. आलेखावरचा ठिपका आज मीच दिला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

३५. चष्मा पावला! भिंगरीनं सकाळी दोन अंडी खाल्ली आणि मांजराला पळवलं. जिवात जीव आला.

२१ सप्टेंबर, रविवार

आज ३१ — आणि तेही रविवारी! पण नवऱ्यानं हिशेब केला आणि माझं तोंड उतरलं. पहिल्या दोन आठवड्यांनी घात केलाय. सरासरी अजून साठाला टेकलेली. पन्नासच्या आत यायचं तर उरलेले नऊही दिवस रोज सत्तावीस हवेत. अठ्ठावीस चालणार नाहीत. मी म्हटलं, "एखादा किलो सोड की!" म्हणाला, "मी सोडेन, भागाकार सोडणार नाही."

२२ सप्टेंबर, सोमवार

२७. काट्यापाशी श्वास रोखून उभी होते. बाबा म्हणाले, "श्वास घे, त्यानं वजन वाढत नाही."

२४ सप्टेंबर, बुधवार

२६! सगळा दवाखाना वेडा झालाय. दुपार झाली की जो तो विचारतो, "किती?" लिफ्टवाला विचारतो. पायाला प्लास्टर घातलेले आजोबा विचारतात. वॉर्डावॉर्डांत पैजा लागल्यात. पुरुषांच्या वॉर्डातल्या नर्सबाईंनी एका नातेवाईकाला केळ्याचं साल पिवळ्यातून परत काढायला लावलं! माझी शिकवण अशी भिनेल, असं मलाही वाटलं नव्हतं. थोडी मान ताठ झालीये. असू दे. महिनाभर राबतेय.

२७ सप्टेंबर, शनिवार

२६. घाई डॉक्टर जिन्यात भेटले, पहिल्यांदाच थांबले. "जमतंय ना?" म्हटलं, "तुमच्यामुळे सर." ते म्हणाले, "छे, छे." पण खूश झाले.

बाबा हल्ली जेवले की लगेच आडवे होतात. वय झालं. त्यांना नव्या यंत्रावर घेणार आहेत म्हणून सांगितलं, तर "बघू" म्हणाले. म्हणजे हो.

३० सप्टेंबर, मंगळवार

२५!

सरासरी एकोणपन्नास पूर्णांक सत्तावन्न! नवऱ्यानं तीनदा भागाकार केला, मी चौथ्यांदा करायला लावला. प्रदूषण मंडळाच्या बाई सकाळीच आल्या होत्या. त्यांनी भट्टीपाशी रचलेल्या पिशव्यांतल्या कुठल्याही पाच निवडून उघडायला लावल्या. कापूस, पट्ट्या, मावशींची चादरीची पुरचुंडी. एक नळी नाही! एक बाटली नाही! बाई म्हणाल्या, "इतकं स्वच्छ वर्गीकरण मी आजवर पाहिलं नाही. कसं केलंत?" मी भाषणच ठोकलं. डब्यांच्या पट्ट्यांपासून चष्म्यापर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते, तेही वाजवत होते.

मोठ्या डॉक्टरांनी तिथंच कागदावर सही केली. भट्टी बंद!

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बाबांनी शेवटची राख काढली. दार पुसलं. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, कडी लावली, किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, काही बोलतील. "चहा टाक," म्हणाले.

दुपारी अंगणात घरातलं सगळं धुवून वाळत घातलं. चादरी, पडदे, नवऱ्याचे पांढरे शर्ट, पांढरे! बावीस वर्षांत या दोरीवर पांढरं कुणी घातलं नव्हतं. संध्याकाळी काढले तेव्हा पांढरेच होते. भिंगरी चादरींच्या मधून पळत होती, वाराही आमच्याच बाजूचा, आणि तिच्या छातीतून आवाज येत होता तो फक्त हसण्याचा. मी चिमटे तोंडात धरून उभी राहिले आणि बघत राहिले. माझ्यासारखी सुखी बाई आज गावात नसेल.

६ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस पिवळं वजन पुन्हा वर. अडतीस, चाळीस, एकोणचाळीस. भट्टी बंद झाली म्हणून लोक सैल पडले, असं वाटून आज वॉर्डावॉर्डांत जाऊन भांडले. शेवटी ढकलगाडीवाले काका म्हणाले, "ताई, उगाच ओरडू नका. कुणी सैल पडलेलं नाही. पिशव्या वॉर्डातून अशाच यायच्या. एकोणीस तारखेपासून तुमचे बाबा रोज सकाळी सहाला येऊन चिमट्यानं एकेक पिशवीतलं प्लास्टिक निवडून काढत होते. आम्हाला दम दिला होता, लेकीला कळता कामा नये."

हिशेब केला. त्यांच्याशिवाय सरासरी चौपन्न.

वाफेच्या यंत्राच्या खोलीत गेले. बाबा चष्मा लावून काट्यांवरचे आकडे वहीत उतरवत होते. म्हटलं, "बाबा, का?" त्यांनी वर बघितलं नाही. "पोरीला श्वास घेता येत नव्हता गं."

मी तिथंच खाली बसून रडले. बाबा म्हणाले, "तिथं नको बसू, फरशी तापते."